कंबर का धरते? स्नायूंच्या ताठरपणाच्या कारणांचा आढावा

जुलैत पावसाने जोर धरला की आंदर मावळात भाताच्या लावणीची घाई उडते. कान्हे फाट्यावरून इंद्रायणी ओलांडून टाकवे बुद्रुककडे निघाले, की चिखलणी झालेली खाचरे आणि त्यांत रांगेने ओणव्या झालेल्या बाया दिसू लागतात. डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्या हाताने दोन-चार काड्या चिखलात खोचायच्या आणि एकेक पाऊल मागे सरकायचे. गुडघे जवळजवळ सरळ, शरीर कमरेत दुमडलेले, मान मात्र समोरची ओळ पाहायला वर उचललेली. बांधावर येऊन ताठ उभे राहताना हात आपसूक कमरेवर जातो. लावणी आटोपते, पण कमरेचा ताठरपणा सगळ्यांचाच आटोपतो असे नाही. कुणाची कंबर दोन दिवसांत मोकळी होते, कुणाची दिवाळीपर्यंत कुरकुरते, तर कुणाची वर्षभर धरलेलीच राहते.

याच परिसरातल्या कारखान्यांत पाळीभर उभे राहून तेच ते काम करणाऱ्यांची तक्रार खांद्यांची असते. कान्हे स्टेशनवरून लोकल पकडून पुण्याला जाणारे आणि दिवसभर संगणकासमोर बसणारे मानेबद्दल बोलतात. घरातल्या म्हाताऱ्या माणसांच्या पोटऱ्यांत रात्री गोळे येतात. कामे वेगळी, वये वेगळी, पण बोलणे एकच: अंग आखडले आहे, काही केल्या मोकळे होत नाही. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट, वैद्य, योगशिक्षक आणि मालिश करणारा या प्रत्येकाकडे याचे कारण तयार असते आणि ते एकमेकांशी क्वचितच जुळते. स्नायू ताठ राहतो तेव्हा त्याच्या आत नेमके काय चाललेले असते, या प्रश्नावर शंभर वर्षे संशोधन झाले आहे. त्यातून काय हाती लागले आणि काय राहिले, हे पाहण्यासारखे आहे.

तक्रार एक, अवस्था अनेक

पहिली अडचण मोजमापाची आहे. रुग्ण ज्याला ताठरपणा म्हणतो त्यात निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात. मज्जातंतूंच्या आदेशाने स्नायू खरोखर आकुंचन पावलेला असतो, ही पहिली. तो शांत असतो, पण त्यातले तंतू आणि भोवतीचे आवरण ताणाला जास्त विरोध करते, ही दुसरी. प्लास्टरमध्ये महिनोन्‌महिने राहिलेल्या हातासारखा स्नायू लांबीनेच आखूड झालेला असतो, ही तिसरी. चौथीत स्नायू तपासणीत अगदी सर्वसाधारण निघतो, पण माणसाला तो आवळलेला जाणवतो.

डेव्हिड सायमन्स आणि जर्मन शरीरशास्त्रज्ञ झीगफ्रीड मेन्झे यांनी १९९८ साली ‘पेन’ या नियतकालिकात स्नायूंच्या ताणाविषयी सविस्तर लेख लिहिला. स्नायूचा लवचिक विरोध आणि त्याचे विद्युत-प्रेरित आकुंचन यांची सरमिसळ करू नये, हा त्यांचा आग्रह होता. निरोगी स्नायू पूर्ण विसावलेला असेल, तर त्यात घातलेल्या सुईला कोणतीही विद्युत हालचाल सापडत नाही. दुखऱ्या, हाताला घट्ट लागणाऱ्या स्नायूंतही अनेकदा तीच शांतता आढळते. ‘स्नायू सतत आवळलेला आहे’ हे सर्वांत सोपे उत्तर तिथेच अडखळते.

तासभर हालचाल न केलेला स्नायू काही प्रमाणात भौतिक कारणानेच घट्ट होतो. आतल्या प्रथिनांच्या साखळ्यांत सूक्ष्म जोड तयार होतात आणि पहिल्या काही हालचालींत ते सुटतात. थंडीत गोठलेले खोबरेल ऊब लागताच सैल व्हावे, तसे. सकाळी उठल्यावरचे किंवा लांबच्या प्रवासानंतरचे अवघडलेपण बरेचसे या जातीचे असते. त्यात आजार शोधण्याचे कारण नाही.

लोणावळ्यापासून व्हाइट हाउसपर्यंत

आयुर्वेदाने या तक्रारी वातव्याधींमध्ये घातल्या. मन्यास्तंभ, कटिग्रह, गृध्रसी अशी त्यांची वर्गवारी केली आणि स्नेहन-स्वेदन, म्हणजे तेल आणि शेक, हा उपचाराचा पाया मानला. मावळातल्या घराघरांत आजही पहिला उपाय तोच असतो.

विसाव्या शतकात हा प्रश्न प्रयोगशाळेत गेला, आणि त्यातली एक प्रयोगशाळा टाकव्याच्या शेजारची होती. कान्ह्यानंतर कामशेत, मळवली आणि मग लोणावळा लागते. तिथे १९२४ साली स्वामी कुवलयानंदांनी, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे यांनी, कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. आसने व क्रियांचा शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण आणि दाबमापन वापरून तपासण्याचे काम त्यांनी हाती घेतले. पुढे १९६३ मध्ये त्यांनी डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह योगचिकित्सेवर पुस्तक लिहिले. आसन म्हणजे व्यायाम नव्हे. स्नायूंच्या मूलभूत ताणावर, तो नियंत्रित करणाऱ्या मज्जासंस्थेवर आणि त्याद्वारे भावनांवर ते काम करते, अशी त्यातली मांडणी आहे. झटक्याने न ताणता सावकाश, कमीत कमी प्रयत्नाने स्थिर राहण्यावरचा त्यांचा भर या विचारातूनच आलेला दिसतो. आज ताठरपणाची चर्चा स्नायूकडून मज्जासंस्थेकडे सरकत असताना हे लोणावळ्याचे काम पुन्हा वाचावे इतके ताजे आहे.

कैवल्यधामच्या सुरुवातीच्याच काळात अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी ‘प्रोग्रेसिव्ह रिलॅक्सेशन’ हे पुस्तक १९२९ साली प्रसिद्ध केले. माणूस विसावला असे वाटत असतानाही स्नायूंत थोडा ताण शिल्लक राहतो, हे त्यांनी अतिसूक्ष्म विद्युतदाब मोजून दाखवण्याचा प्रयत्न केला. एकेक स्नायू मुद्दाम आवळून सोडण्याची त्यांची पद्धत अजून शिकवली जाते.

तिसरे नाव जॅनेट ट्रॅव्हेल यांचे. जॉन केनेडी यांच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ साली अमेरिकेच्या अध्यक्षांच्या वैयक्तिक डॉक्टर होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या. स्नायूंतल्या दुखऱ्या गाठींचा विषय त्यांनी सायमन्स यांच्यासह १९८३ च्या ग्रंथात मांडला, आणि या क्षेत्रातला सर्वांत तीव्र वाद तिथून सुरू झाला.

दुखते म्हणून आवळते?

जुनी आणि अजूनही लोकप्रिय कल्पना दुष्टचक्राची आहे. दुखले की स्नायू आवळतो, आवळल्याने रक्तपुरवठा घटतो, त्यामुळे अधिक दुखते आणि तो आणखी आवळतो. स्वीडनचे हॉकन योहान्सन आणि पीटर सोयका यांनी १९९१ साली याला मज्जासंस्थेतली वाट सुचवली: थकलेल्या स्नायूतले रासायनिक बदल स्नायूंच्या ताणमापक इंद्रियांना अतिसंवेदनशील करतात आणि स्नायू चालूच राहतो.

त्याच वर्षी जेम्स लुंड आणि सहकाऱ्यांनी जवळजवळ उलटे म्हटले. दुखण्यामुळे स्नायूचे काम एकूण वाढत नाही. दुखणारी हालचाल करणारा स्नायू मंदावतो, तिला रोखणारा जागा होतो, आणि याचा हेतू बचावाचा असतो. पुढच्या मापनांनी दोन्ही बाजूंना थोडे थोडे दिले. ताज्या दुखापतीत बचावाचे आकुंचन खरे असते. उसण भरलेल्या माणसाची एका बाजूला कललेली कंबर पाहिली तरी ते कळते. महिनोन्‌महिने चाललेल्या तक्रारीत मात्र सलग आकुंचनाचा पुरावा तुटपुंजा आहे.

गाठींचा वाद

मानेच्या मुळाशी बोटाने दाबत गेले की काही जणांना दोरीसारखी घट्ट पट्टी लागते, तिच्यावरचा एखादा बिंदू दाबला की कळ डोक्यापर्यंत जाते. ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांनी यालाच ‘ट्रिगर पॉइंट’ म्हटले. त्यांच्या मते मज्जातंतू स्नायूला मिळतो त्या जागी रासायनिक संदेश गळत राहतो. तिथले तंतू स्थानिक पातळीवर आकसतात, प्राणवायू कमी पडतो आणि वेदना निर्माण करणारे पदार्थ साचतात. डेव्हिड हबर्ड आणि ग्रेगरी बर्कॉफ यांना १९९३ मध्ये अशा बिंदूंत सुईने विद्युत हालचाल सापडली, शेजारच्या भागात ती नव्हती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत जय शहा यांच्या गटाने २००५ साली अशा बिंदूंतला द्रव काढून तपासला. त्यात आम्लता आणि दाहजनक पदार्थ वाढलेले मिळाले. अभ्यासातली माणसे मोजकीच होती, पण निष्कर्ष लक्षवेधी होता.

विरोधी बाजूही कच्ची नाही. फ्रेडरिक वुल्फ यांच्या १९९२ च्या अभ्यासात या विषयाच्या तज्ज्ञांना रुग्ण कोणता आणि निरोगी कोण हे न सांगता तपासायला लावले. घट्ट पट्ट्या निरोगी माणसांतही तितक्याच सापडल्या. ऑस्ट्रेलियाचे जॉन क्विंटनर आणि मिल्टन कोहेन यांनी १९९४ पासून आणि पुन्हा २०१५ साली सविस्तर आक्षेप घेतले. त्यांच्या मते दुखरा बिंदू खरा आहे, पण वेदनेचा उगम स्नायूत असल्याचे सिद्ध झालेले नाही. चिडलेल्या मज्जातंतूंमुळे किंवा मज्जासंस्थेच्या वाढलेल्या संवेदनशीलतेमुळेही तो दिसू शकतो. समर्थकांनी लगोलग उत्तर दिले आणि वाद तसाच आहे.

दवाखान्यात याचा परिणाम थेट दिसतो. कोरड्या सुया टोचण्याची ‘ड्राय नीडलिंग’ पद्धत पुण्या-पिंपरीतल्या फिजिओथेरपी केंद्रांतही रुळली आहे. तिने काही रुग्णांना काही काळ आराम पडतो, हे दोन्ही पक्षांना मान्य आहे. आरामावरून कारण सिद्ध होत नाही, हे मात्र समर्थकांच्या लिखाणात अनेकदा निसटते.

कामाचे ओझे: खाचर आणि पॅकिंगचा पट्टा

मावळच्या वाचकाला सर्वांत जवळचा पुरावा इथे आहे. ब्रिटनमधल्या फ्लॉइड आणि सिल्व्हर यांनी १९५० च्या दशकात एक चमत्कारिक वाटणारी गोष्ट नोंदवली. उभा माणूस वाकत गेला की पाठीचे स्नायू भार पेलतात, पण पूर्ण ओणवा झाला की ते अचानक शांत होतात. त्या क्षणी धडाचा बराचसा भार मणक्यांच्या अस्थिबंधांवर आणि पाठीच्या निष्क्रिय ऊतींवर लोंबकळतो. लावणी करणारी बाई तासन्‌तास नेमकी या टप्प्याच्या आसपास असते. असा सलग ताण बसला की अस्थिबंध हळूहळू सैलावतात, आणि उभे राहिल्यावर लगेच पूर्वपदावर येत नाहीत. त्या काळात मणक्याला आधार देण्याची जबाबदारी स्नायूंवर जास्त पडते. संध्याकाळी ताठलेली कंबर म्हणजे सैलावलेल्या सांध्याला सांभाळणारा पहारा असू शकतो, असे मोशे सोलोमोनोव यांच्यासारख्या संशोधकांचे प्रतिपादन आहे.

जुनाट पाठदुखी असलेल्या अनेकांत वर सांगितलेली शांतता येतच नाही. पूर्ण वाकले तरी त्यांचे स्नायू चालू राहतात. हे दुखण्याचे कारण की परिणाम, याचे उत्तर अजून मिळालेले नाही.

कारखान्यातल्या खांद्यांची गोष्ट वेगळी. तिथे जोर फार लागत नाही, तरी स्नायू थकतात. स्वीडनचे ग्योरान हेग यांनी १९९१ च्या सुमारास याला ‘सिंड्रेला’ गृहीतक म्हटले. हलक्या कामात आधी कामाला लागणारे छोटे तंतू शेवटपर्यंत सुटत नाहीत. बाकीचे विश्रांती घेतात, हेच राबत राहतात. नॉर्वेत बो वायरस्टेड आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये नव्याने रुजू झालेल्या ३० पॅकिंग कामगार स्त्रियांचे खांद्याचे स्नायू मोजले. ज्यांच्या कामात सेकंदापेक्षाही छोटे विसावे कमी होते, त्यांना पुढे खांदेदुखी होण्याचा संभव अधिक दिसला. जोर किती लावला यापेक्षा सुटका किती वेळा मिळाली, हे महत्त्वाचे ठरले. मानसिक दडपणाखाली, हातात काहीच काम नसताना, हेच खांद्याचे स्नायू जागे होतात हेही प्रयोगांत दिसले आहे. पाळीचा वेग यंत्र ठरवत असेल तर दोन्ही ओझी एकत्र येतात. पुढच्या सर्वच अभ्यासांत विसाव्यांचा हा संबंध तितका ठळक मिळाला नाही, हेही नोंदवायला हवे.

आवरणाचा पक्ष

स्नायूंवरच्या पांढऱ्या आवरणाकडे, फॅशियाकडे, बराच काळ दुर्लक्ष झाले. या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २००७ साली बोस्टनला भरली. हेलेन लँजेव्हिन यांच्या गटाने २०११ मध्ये सोनोग्राफीने दाखवले, की जुनाट कंबरदुखी असलेल्यांच्या पाठीतल्या आवरणाचे थर एकमेकांवरून सरकण्याचे प्रमाण सुमारे २० टक्क्यांनी कमी असते. न हलल्यामुळे ते चिकटले, की चिकटल्यामुळे हालचाल कमी झाली, हे त्यातून कळत नाही. आवरण हाताने ‘मोकळे’ करून देण्याचे जे दावे केले जातात, ते या पुराव्याच्या बरेच पुढे गेले आहेत.

जाणवते ते आणि असते ते

अलीकडचा सर्वांत विचार करायला लावणारा अभ्यास ऑस्ट्रेलियातला आहे. तॅशा स्टँटन, लोरिमर मोझली आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली पाठ ताठ वाटणाऱ्या १५ जणांची तुलना तशी तक्रार नसलेल्या १५ जणांशी केली. यंत्राने पाठीवर दाब देऊन ताठरपणा मोजला, तेव्हा दोन्ही गटांत फरक नव्हता. तक्रार असलेल्यांना मात्र दाब प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होता. दाबाबरोबर कुरकुरणाऱ्या दाराचा आवाज ऐकवला की त्यांचा अंदाज बदलत होता. संशोधकांचा निष्कर्ष असा, की ताठरपणाची जाणीव हा मेंदूने संरक्षणासाठी बांधलेला अंदाज असू शकतो. याचा अर्थ तक्रार खोटी असा मुळीच नाही. ती जाणीव वेदनेइतकीच खरी असते आणि माणसाला वाकण्यापासून थांबवते.

ताण देण्याच्या व्यायामांकडेही या नजरेने पाहिले जाते. वेपलर आणि मॅग्नसन यांनी २०१० साली दाखवून दिले, की काही आठवडे स्ट्रेचिंग करून पाय अधिक पुढे जातो, तेव्हा स्नायूची लांबी फारशी वाढलेली नसते. ताण सहन करण्याची तयारी वाढलेली असते. व्यायामानंतरची दुखरी ताठरता स्ट्रेचिंगने नगण्यच कमी होते, असे कॉक्रेन संस्थेच्या २०११ च्या आढाव्यात म्हटले आहे. कंबरदुखीवर योगाचा उपयोग तपासणाऱ्या याच संस्थेच्या २०१७ च्या आढाव्यात काहीच न करण्यापेक्षा योग बरा ठरला. इतर व्यायामांच्या तुलनेत फारसा फरक दिसला नाही. पोटऱ्यांतल्या गोळ्यांसाठी सर्रास घेतल्या जाणाऱ्या मॅग्नेशियमचा वयस्कांना विशेष फायदा आढळलेला नाही.

स्नायूच्या आड लपलेले आजार

या सगळ्या वादात एक जोखीम असते: खरा आजार नजरेआड होण्याची. पुणे जिल्ह्यातच याचे मोठे काम झाले आहे. डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पुण्यातल्या संधिवात केंद्राने १९९६ पासून इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमाखाली घरोघर पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी १८.२ टक्के जणांना सांधे-स्नायूंची तक्रार होती. आमवाताचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का निघाले. म्हणजे बहुतेकांचे दुखणे त्या गंभीर आजाराचे नव्हते. मऊ ऊतींचे किंवा नाव न देता येणारे दुखणे त्यात भरपूर होते. पण अर्धा टक्का म्हणजे दोनशे माणसांत एक, आणि त्या एकाला वेळेवर उपचार न मिळाल्यास सांधे कायमचे वाकतात.

विशीतिशीतल्या मुलाची कंबर पहाटे ताठते, अर्धा तास उलटला तरी सुटत नाही आणि विश्रांतीने वाढून हालचालीने कमी होते, तेव्हा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचा विचार करावा लागतो. पन्नाशीनंतर दोन्ही खांदे आणि मांड्या एकदम आखडल्या तर पॉलिमायाल्जिया रुमॅटिका असू शकतो. थायरॉइड मंदावल्यास स्नायू जड आणि सुस्त होतात. ड जीवनसत्त्व कमालीचे कमी झाल्यास मांड्या-कंबर दुखते आणि जिना चढवत नाही. मधुमेहींचा खांदा गोठतो. एका हाताचा ताठरपणा ही पार्किन्सनची पहिली खूण असू शकते आणि ती ‘खांदा आखडला’ म्हणून महिनोन्‌महिने शेकली जाते.

औषधांचाही वाटा असतो. मनोविकारांवरच्या काही गोळ्यांनी स्नायू ताठतात. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्यांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. लंडनमध्ये २०२० साली, त्रास झाला म्हणून स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना आलटून पालटून खरी आणि नकली गोळी दिली गेली. त्यांच्या त्रासाचा ९० टक्के भाग नकली गोळीवरही तसाच होता.

‘स्टिफ पर्सन सिंड्रोम’ तर अत्यंत दुर्मीळ, दहा लाखांत एक-दोघांना होणारा. मेयो क्लिनिकच्या मोर्श आणि वोल्टमन यांनी तो १९५६ साली वर्णिला. यात मात्र स्नायू खरोखर, सलग आणि मज्जासंस्थेच्या आदेशाने आवळलेले राहतात. लोकांच्या कल्पनेतला ताठरपणा शब्दशः खरा ठरणारा हा आजार इतका विरळा असावा, ही गोष्टच बोलकी आहे.

काय उलगडायचे आहे

सर्वांत मोठा खुला प्रश्न कार्यकारणाचा आहे. बदललेले आकुंचन, कमी सरकणारे आवरण, वाढलेली संवेदनशीलता या गोष्टी रुग्णांत सापडतात. त्या आधीच्या की नंतरच्या, हे एकाच वेळी घेतलेल्या मोजमापांवरून ठरत नाही. वर्षानुवर्षे त्याच माणसांचा मागोवा घेणारे अभ्यास थोडे आहेत. दुसरे, ताठरपणाचे पोटप्रकार रुग्णाला तपासताना वेगळे ओळखण्याची साधी कसोटी नाही. सोनोग्राफीने स्नायूची घट्टता मोजण्याचे तंत्र आले आहे, पण त्याचा आकडा आणि रुग्णाची तक्रार जुळतेच असे नाही.

तिसरी उणीव जागेची आहे. इथे आलेले प्रयोग बहुतेक युरोप, अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातल्या प्रयोगशाळांत किंवा कारखान्यांत झाले. पावसात, पोटरीभर चिखलात ओणवे राहून केलेल्या कामाला तिथले निष्कर्ष किती लागू पडतात, हे गृहीत धरता येणार नाही. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून १९८७ साली इंद्रायणी वाण आला आणि त्याने या तालुक्याची ओळख बदलली. ते भात लावणाऱ्या कमरांचे मोजमापही तितक्याच आस्थेने व्हायला हवे. लोणावळ्यात शरीरमापनाची शंभर वर्षांची परंपरा आहे, पुण्यात संधिवाताची गावपातळीवरची पाहणी करून दाखवलेले डॉक्टर आहेत. लावणीआधी, लावणीत आणि सुगीनंतर त्याच बायांची तपासणी करायला मावळाइतकी सोयीची जागा शोधून मिळणार नाही.

तोवर वाचकांनी एवढे जरूर करावे. पहाटेचा ताठरपणा रोज अर्ध्या तासाहून अधिक टिकत असेल, वजन घटत असेल, ताप येत असेल, हातापायातली शक्ती कमी होत असेल, एकच बाजू आखडत असेल किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटत असेल, तर मालिश आणि बाम बाजूला ठेवून डॉक्टरांना गाठावे. जाताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या बरोबर न्याव्यात आणि दिवसभरात किती वेळ वाकून, उभे राहून किंवा बसून काम होते, हे न विचारताच सांगावे.